रेस ५० सेकंदांची, दिवस आठ तासांचा: मुलांच्या स्विमिंग मीटला जाण्याआधी (आणि तिथे माल विकण्याआधी)



मागच्या व्हिडिओत स्टॉकबद्दल बोलताना मी ओघात एक वाक्य बोलून गेलो, की माझ्याच दुकानातल्या गॉगलने माझ्या मुलीला रेसमधून बाद केलं. तेव्हापासून काउंटरवर येणारे बरेच जण तेच विचारतायत. नक्की काय झालं होतं? तर आज ती गोष्ट पूर्ण सांगतो. सोबत मुलांची स्विमिंग मीट म्हणजे काय असते, तिची तयारी कशी करायची, आणि तुमच्यापैकी ज्यांना या लाइनमध्ये दुकान, स्टॉल किंवा क्लास काढायचाय त्यांनी तिथे जाऊन काय बघायचं, हेही सांगतो. बारा मिनिटांच्या व्हिडिओत हे मावत नाही, म्हणून इथे लिहितोय.

जे पहिल्यांदा वाचतायत त्यांच्यासाठी: माझं जुन्या पनवेलमध्ये स्पोर्ट्सच्या सामानाचं छोटं दुकान आहे. बीबीए झाल्यावर दोन वर्षं नोकरी केली, मग वडिलांच्या स्टेशनरीच्या दुकानातला अर्धा भाग मागून घेतला आणि तिथे बॅट-बॉल, शटल, कॅरमच्या सोंगट्या ठेवायला सुरुवात केली. स्विमिंगचं सामान नंतर आलं, मुलगी क्लासला जायला लागली तेव्हा. आमच्या वडिलांची पिढी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. त्यांना ना गॉगल लागला, ना टोपी. आता एप्रिल-मेमध्ये पूलवरच्या बॅच भरलेल्या असतात, आणि दोन वर्षं नियमित पोहणाऱ्या पोराच्या आईबापाला सर एक दिवस म्हणतात, "याला मीटला पाठवा." तिथून खरी धावपळ सुरू होते.

तो दिवस

मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. इव्हेंट ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक. पूल २५ मीटरचा, म्हणजे एकदा जायचं, टर्न घ्यायचा, परत यायचं. सरावात तिला ५२ सेकंद लागायचे. सर म्हणाले होते, ५० ला येईल.

आदल्या रात्री दुकान बंद करताना माझी नजर नवीन आलेल्या लॉटवर गेली. आरशासारख्या काचेचा निळा गॉगल, शोकेसमधला सगळ्यात भारी पीस. म्हटलं, पोरगी पहिल्या मोठ्या मीटला चाललीय, जुना ओरखडे पडलेला गॉगल घालून कशाला जायचं? दिवाळीला नवीन कपडे घेतो तसा मी तो गॉगल घेऊन घरी आलो. तीही खूश. बायको म्हणाली, "एकदा पूलमध्ये घालून बघितला असता तर?" मी म्हटलं, "अगं, चांगल्या कंपनीचा आहे."

आणि गंमत बघा. हाच मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो, की गॉगल चेहऱ्याला बसतो की नाही ते बघूनच घ्या, ब्रँड नंतर.

शिट्टी झाली, पोरगी ब्लॉकवर चढली, सूर मारला. पाण्यात शिरताच डाव्या डोळ्यात पाणी. अर्धी लेन ती एका डोळ्याने पोहली. भिंत जवळ आली तेव्हा तिला राहवलं नाही, डावा हात गॉगलकडे गेला आणि भिंतीला लागला फक्त उजवा हात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये टर्नला आणि शेवटी, दोन्ही वेळेला, दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. बटरफ्लायलाही तेच. टर्नवर उभ्या असलेल्या जजने हात वर केला. तो मी बघितला, तिने नाही. तिने दुसरी लेन जीव तोडून मारली, हीटमध्ये तिसरी आली, आणि पाण्यातूनच माझ्याकडे बघून हसली.

पंधरा मिनिटांनी भिंतीवर रिझल्टचा कागद लागला. तिच्या नावापुढे वेळ नव्हती. डीक्यू लिहिलं होतं.

"बाबा, मी टच केलं होतं."

"दोन्ही हातांनी?"

ती गप्प. मग म्हणाली, "एक हात गॉगलला होता."

तुझ्यामुळे झालं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. गाडीत पूर्ण वेळ झोपून राहिली, म्हणजे डोळे मिटून. मी आरशात बघत होतो, ती झोपलेली नव्हती.

आता कोणी म्हणेल, गॉगल कोणाचाही गळू शकतो. बरोबर आहे. १३ ऑगस्ट २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या फायनलला मायकेल फेल्प्सचा गॉगल पाण्याने भरला होता. शेवटी त्याला भिंतसुद्धा दिसत नव्हती. तो हात मोजत पोहला, आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण घेऊन गेला. पण एका लेनला आपल्याला किती हात लागतात हे त्याला वर्षानुवर्षांच्या सरावाने पाठ होतं. माझ्या मुलीला ते कोणी शिकवलंच नव्हतं. आता तिला २५ मीटरला किती हात लागतात ते माहीत आहे. आठवड्यातून एकदा ती मुद्दाम गॉगलशिवाय दोन लेन मारते. सरांनी हा सराव सगळ्या बॅचला लावलाय.

पत्रक नीट वाचा

मीटची सुरुवात पूलवर होत नाही, पत्रकावर होते. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि आपण फक्त तारीख आणि जागा बघतो. मीही तेच करायचो. त्यात वयोगट असतो, आणि वय कोणत्या तारखेला मोजायचं ते असतं. जलतरणाच्या जागतिक नियमात वय ३१ डिसेंबरला धरतात, म्हणजे थोडक्यात जन्मवर्ष महत्त्वाचं. शालेय स्पर्धांचे गट वेगळे: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. क्लबच्या मीटचे आणखी वेगळे. दर वेळी कागद बघा, मागच्या वेळचं धरून चालू नका.

जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, फोटो, काही ठिकाणी डॉक्टरांचं फिटनेसचं पत्र, असा एक संच करून एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कायमचा ठेवून द्या. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. दुकानाचं शॉप ॲक्ट लायसन्स आणि उद्यमचा कागद जसा एका फाइलमध्ये ठेवता, तसाच. मीटच्या दिवशी सकाळी सात वाजता झेरॉक्सचं दुकान उघडं नसतं. (नवीन उद्योजकांनो, पूलच्या जवळ सकाळी साडेसहाला झेरॉक्स सुरू करणारा मला अजून कोणी भेटलेला नाही. बघा विचार करून.)

एक गोष्ट मोकळेपणाने बोलतो. काही पालक मीटला येतात ते दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी. त्यात वाईट काही नाही, गुण मिळत असतील तर घ्यावेत. पण आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर आतापासून ते गुण ठेवू नका.

प्रवेशअर्जात एक रकाना असतो, एंट्री टाइम. म्हणजे तुमच्या मुलाची आतापर्यंतची चांगली वेळ. बरेच पालक इथे फुगवून लिहितात, ५२ ची ४५ करतात. त्यांना वाटतं जलद दाखवलं की मान मिळेल. होतं काय ते सांगतो. हीट पाडताना साधारण सारख्या वेळेची मुलं एकत्र टाकतात, आणि सगळ्यात जलद मुलाला मधली लेन देतात. आठ लेनचा पूल असेल तर चार नंबरची, मग पाच, तीन, सहा, असं बाहेरच्या बाजूला सरकत जातात. खोटी वेळ टाकली की तुमचं पोर त्याच्यापेक्षा सात सेकंद जलद असलेल्या मुलांमध्ये जातं आणि एकटं मागे राहतं. सगळा पूल त्याच्यासाठी थांबलाय हे त्याला पाण्यातसुद्धा कळतं. बँकेला फुगवलेला टर्नओव्हर दाखवून झेपणार नाही एवढं कर्ज घेणारे लोक मी पाहिलेत, त्यांचं असंच होतं.

आणखी एक. २५ मीटरच्या पूलमधली वेळ आणि ५० मीटरच्या पूलमधली वेळ एकमेकांशी लावू नका. छोट्या पूलमध्ये टर्न जास्त, प्रत्येक टर्नला भिंतीवरून जोर मिळतो, म्हणून वेळ कमी येते. पुण्याच्या बालेवाडीसारख्या ५० मीटरच्या पूलवर पहिल्यांदा गेलेल्या मुलाची वेळ वाढली की पालक सरांवर चिडतात. सरांची चूक नसते.

ब्लॉकवर काय होतं

ज्यांनी कधी मीट बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी वॉर्म-अप. मग इव्हेंटप्रमाणे मुलांना बोलावून रांगेत बसवतात. ही जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथे पोर वेळेवर पोचलं नाही तर रेस गेली. पुकारा माइकवर होतो आणि बंदिस्त पूलमध्ये माइकचा आवाज असा घुमतो की स्वतःचं नावसुद्धा कळत नाही. म्हणून मुलं हातावर मार्करने इव्हेंट नंबर, हीट आणि लेन लिहून ठेवतात. साधी गोष्ट आहे, पण पहिल्या मीटला आम्हाला कोणी सांगितली नव्हती. दुसऱ्याच्या पोराचा हात बघून आम्ही शिकलो.

रेफ्रीच्या छोट्या छोट्या शिट्ट्या वाजल्या की टॉवेल, टी-शर्ट काढून तयार व्हायचं. मग एक लांब शिट्टी, ब्लॉकवर चढायचं. बॅकस्ट्रोक असेल तर लांब शिट्टीला पाण्यात उतरायचं, दुसऱ्या लांब शिट्टीला भिंतीला धरून तयार. मग स्टार्टर "टेक युअर मार्क्स" म्हणतो, सगळे स्थिर झाले की सिग्नल. सिग्नलआधी सुटलात तर बाद, दुसरी संधी नाही. हे सगळं घरी खुर्चीवर उभं राहून आम्ही वीसेक वेळा केलंय. मी शिट्टी वाजवतो, ती पवित्रा घेते, कधी मी मुद्दाम सिग्नल द्यायला उशीर लावतो. शेजारचे काका विचारायला आले होते, काय चाललंय म्हणून.

बाद होण्याची कारणं लहान मुलांमध्ये ठरलेली असतात. ब्रेस्टस्ट्रोक-बटरफ्लायला एक हात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बाहेर न वळवता कात्रीसारखे मारणं. बॅकस्ट्रोकमध्ये शेवटी पालथं होऊन भिंत धरणं. लेनची दोरी धरून स्वतःला ओढणं. पण एक सवलत पोरांना जरूर सांगा: फ्रीस्टाइलमध्ये गॉगल निघाला, नाकात पाणी गेलं आणि तुम्ही तळाला पाय टेकून क्षणभर उभे राहिलात तर बाद होत नाही. फक्त चालायचं नाही. हे माहीत नसल्यामुळे पाणी सोडून रडत बाहेर आलेला एक मुलगा मी पाहिलाय. दहा मीटर राहिले होते.

छोट्या मीटमध्ये बऱ्याचदा फायनल वेगळी नसते. सगळ्या हीटच्या वेळा एकत्र लावतात आणि त्यावरून पहिला, दुसरा, तिसरा काढतात. त्यामुळे हीटमध्ये पहिलं आलं म्हणून पेढे वाटू नका, आणि पाचवं आलं म्हणून तोंड पाडू नका.

आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तारीख, पूल किती मीटरचा, इव्हेंट, वेळ, आणि एक ओळ शेरा. शेरा तिनेच लिहायचा, मी नाही. त्या दिवसाचा शेरा आहे: "गॉगल." एवढंच.

बॅग आणि डबा

रेस ५० सेकंदांची असते, तिथे बसणं आठ तासांचं. माझ्या अनुभवात मुलं पाण्यात कमी आणि वाट बघताना जास्त हरतात. थंडी वाजते, भूक लागते, कंटाळा येतो, मित्रांबरोबर पळापळी करून पाय दमवून घेतात.

बॅगेत दोन टॉवेल, दोन कॉस्च्युम, दोन टोप्या, दोन गॉगल. दुसरा गॉगल पहिल्यासारखाच, त्याच मॉडेलचा, आणि दोन्ही सरावात वापरलेले. पावसाळ्यात टॉवेल तीन, कारण आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ओला टॉवेल दुसऱ्या दिवशीही वाळत नाही. रेसच्या मध्ये अंग कोरडं करून कोरडा टी-शर्ट घालायचा आणि पायात मोजे, हे आमचे सर शंभर वेळा सांगतात. सूर मारताना गॉगल घसरू नये म्हणून काही मुलं गॉगलची पट्टी टोपीच्या आत घेतात, काही जण दोन टोप्या घालून मध्ये पट्टी अडकवतात. दोन्ही करून बघा, पण सरावात.

खाण्याचं म्हणाल तर घरचं, रोजचं. पोहे, इडली, केळं, चिक्की, थोडं थोडं. तिथे बाहेर वडापावची गाडी लागलेली असते आणि रेसला अर्धा तास असताना "भूक लागली" म्हणून बाप वडापाव घेऊन देतो. पुढचं सांगत नाही.

आणि बोलायचं काय? मी आता रेसआधी फक्त तीन गोष्टी विचारतो: लघवीला जाऊन आलीस का, हातावर नंबर लिहिलेत का, गॉगल दाबून बघितलास का. तंत्राचं काही नाही, ते सरांचं काम. बाकावर बसून "कोपर वर ठेव, कोपर वर ठेव" ओरडणाऱ्या पालकांना एक सांगतो, पाण्याखाली काही ऐकू येत नाही.

आता धंद्याचं

त्या मीटनंतर सोमवारी दुकान उघडलं तेव्हा तो निळा गॉगल खिशातच होता. परत शोकेसला लावता येणार नव्हता, वापरलेला होता. मी तो काउंटरच्या काचेखाली ठेवला, अजून तिथेच आहे.

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. पहिली, गॉगल विकण्याची पद्धत. पट्टी न लावता नुसती काच डोळ्याच्या खोबणीवर हलकी दाबायची आणि हात सोडायचा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर बसतोय, लगेच पडला तर ते मॉडेल त्या चेहऱ्यासाठी नाही, मग ते कितीही महाग असो. लहान मुलांना नाकाचा पूल बदलता येणारा गॉगल बरा पडतो. यात दर गिऱ्हाइकामागे दहा मिनिटं जातात. आधी मी दोन मिनिटांत विकायचो.

दुसरी, मीट तीन दिवसांवर आली असेल तर मी नवीन गॉगल देत नाही. जुन्याची पट्टी बदलून देतो. सुरुवातीला वडील म्हणाले, "आलेलं गिऱ्हाईक घालवतोस?" महिना-दोन महिने विक्री खरंच कमी झाली, खोटं कशाला बोलू. नंतर पालक मीटच्या तीन आठवडे आधी यायला लागले, आणि एका मॉडेलचे दोन घेऊन जायला लागले. पण हे असं होणार हे मला माहीत होतं म्हणून मी केलं नव्हतं. तेव्हा नुसता राग होता स्वतःवर.

चुकाही सांगतो. त्याच सुमारास मी रेसिंग सूट आणले होते, कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचे, घट्ट, महागडे. डोक्यात हिशोब होता की मीट वाढतायत म्हणजे हेही खपतील. एक लक्षात घ्या, २०१० पासून जागतिक नियमांत फक्त कापडी सूट चालतात. त्याआधीचे पॉलियुरेथेनचे अंगभर सूट बंद झाले. म्हणजे सूटमुळे मिळणारा फायदा तसाही मर्यादित झालाय. त्यात नऊ-दहा वर्षांचं पोर सहा महिन्यांत उंच होतं, कुठला बाप त्याला पाच आकडी सूट घेईल? आणि घेऊही नये, हे माझं मत आहे. माल पडून राहिला, पैसे अडकले. आतल्या कपड्यांसारखा हा माल, एकदा घालून बघितला की परत घेता येत नाही. शेवटी पडत्या भावात काढला.

मग एकदा आयोजकांना विचारून मीटच्या ठिकाणी टेबल लावलं. परवानगी लेखी घेतली, टेबलाचं भाडं आधी भरलं. माझ्या मनात होतं कॉस्च्युम, किकबोर्ड, फिन्स विकायचे. काय खपलं? परमनंट मार्कर. सेफ्टी पिना. गॉगलच्या पट्ट्या. सिलिकॉनच्या टोप्या. मोजे! टॉवेल. किकबोर्ड एकही नाही, कारण मीटच्या दिवशी किकबोर्ड कोणाला हवाय? सरावाचा माल सरावाच्या जागी खपतो. मी दोन डझन किकबोर्ड टेम्पोतून नेले आणि परत आणले, येताना टेम्पोवाला हसत होता.

त्याच दिवशी दुपारी एक गृहस्थ घाईघाईने आले. मुलाच्या गॉगलची पट्टी तुटली होती, रेसला वीस मिनिटं. "कुठलाही द्या, चांगला द्या, पैशांचं बघू नका." त्यांच्या मागे मुलगा उभा, हातावर मार्करने लिहिलेलं: ब्रेस्टस्ट्रोक. मी म्हटलं, "दादा, नवीन नको. याच्यात पट्टी घालून देतो." ते चिडले. "विकायला बसलायत ना? मग विका की." मी पट्टी ओवत ओवतच सांगितलं, की माझ्या मुलीचं काय झालं होतं. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही, पण मुलाने ऐकलं. त्याने गॉगल घातला, दोन्ही हातांनी दाबून बघितला आणि पळाला. पट्टीचे साठ रुपये ते गृहस्थ टेबलावर ठेवून गेले, पावती न घेता.

त्याची रेस मी बघितली नाही. टेबल सोडून जाता येत नव्हतं.

समुद्रातली मीट

पूलचं झालं, आता समुद्राचं थोडं. आपल्या पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा हायवे धरला की थेट कोकणात उतरता येतं. तिथे मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरमध्ये राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होते. अगदी लहान मुलांपासून आजोबांपर्यंत लोक उतरतात, वयाप्रमाणे अंतर वेगळं. आम्ही एकदा नुसतं बघायला गेलो. रेल्वेने कुडाळ, तिथून गाडीने मालवण.

तिथे लेन नाही, भिंत नाही, टर्न नाही. सगळे एकदम पाण्यात शिरतात, कोणाचा पाय कोणाच्या तोंडावर. सरळ जायचं तर दर काही हातांनी मान वर करून पाण्यातल्या खुणेचा बोया शोधावा लागतो. जो मान वर करत नाही तो वाकडा जातो आणि जास्त अंतर पोहतो. खाऱ्या पाण्याने काखा आणि मान सोलवटते, म्हणून व्हॅसलीन चोपडतात. पूलमध्ये पहिला येणारा मुलगा इथे लाटा बघून किनाऱ्यावरच थांबलेला मी पाहिला. समुद्रात आधी सरांबरोबर दोन-तीनदा उतरल्याशिवाय पोराचं नाव देऊ नका, पूलमध्ये कितीही चांगला असो.

आणि उद्योजकाच्या नजरेने बघाल तर पहाटे पाच वाजता तिथे चहा, उकडलेली अंडी आणि गरम पाणी देणाऱ्या एका मावशींच्या टपरीभोवती जी गर्दी होती, तशी मी माझ्या स्टॉलवर कधी बघितली नाही. त्यांनी पातेलंभर गरम पाणी फुकट ठेवलं होतं, थंडीने कुडकुडणाऱ्या पोरांच्या पायांवर ओतायला. आई-बाप मग तिथेच बसत होते आणि खात होते.

माझ्या मुलीने तिथून परत येताना विचारलं, "बाबा, तू मला पुढच्या वर्षी इथे नाव देशील?" मी म्हटलं, आधी सरांना विचारू. सर म्हणाले, आधी ब्रेस्टस्ट्रोकचं बघू. कारण तिचं तेच अडकलं होतं. डीक्यूनंतर वर्षभर ती ब्रेस्टस्ट्रोकला नाव द्यायला तयार नव्हती. फ्रीस्टाइल देते, बॅकस्ट्रोक देते म्हणायची. आम्ही आग्रह केला नाही. म्हणजे बायकोने करू दिला नाही.

आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला कांस्य घेतलं. भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचं त्याआधीचं पदक १९८६ चं होतं, खजान सिंगचं रौप्य. चोवीस वर्षांची गॅप, आणि रेस पंचवीस सेकंदांच्या आतली. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्याने पण दोन्ही हात लावले असणार." मी म्हटलं, हो, बटरफ्लायला लावावेच लागतात.

मागच्या महिन्यात तिने स्वतःहून फॉर्मवर ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकवर खूण केली. एंट्री टाइमच्या रकान्यात तिने खरी वेळ लिहिली, ४९.८. मी बघितलं, काही बोललो नाही.

येत्या रविवारी ती मीट आहे. त्यामुळे रविवारी दुकान संध्याकाळी पाचनंतर उघडेल. ज्यांच्या मुलांना त्याच मीटला जायचंय त्यांनी गॉगलसाठी आता येऊ नका, पट्टी बदलून हवी असेल तर शनिवार दुपारपर्यंत या. मार्कर आणि मोजे भरपूर आहेत.